शुद्धीवर येतानाची ती दहा मिनिटं

मी एका बाईच्या मनगटाला चावले आहे. रक्त येईपर्यंत. मला ते आठवत नाही. जे माहीत आहे ते दुसऱ्यांनी सांगितलेलं. मणक्याच्या ऑपरेशननंतर भुलीतून बाहेर येताना हे झालं.

पाठीचं ऑपरेशन ठरलं की सगळे ऑपरेशनबद्दल बोलतात. किती तास लागतील, टाके किती, चालता कधी येईल. उठतानाबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून हे लिहिते आहे. स्वतःबद्दल बोलायची मला सवय नाही. पाहुणे आले की पाणी ठेवून आत निघून जाणाऱ्यांतली मी. त्यामुळे कुठे अडखळले तर समजून घ्यावं.

जिन्यावर

त्या उन्हाळ्यात लातूरचे नळ बंद झाले होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. टँकर कोपऱ्यावर थांबायचा आणि तिथून पाण्याचे कॅन वर आणायचे. पप्पा देवणीच्या तहसील कार्यालयात क्लार्क, शनिवारी घरी यायचे. आईचे गुडघे गेलेले. मी तेवीस वर्षांची, एका क्लासमध्ये पेपर तपासायचं काम करायचे. कॅन मीच आणायचे.

एका सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कमरेत काहीतरी निसटलं. आवाज आला नाही, पण निसटलं हे कळलं. मी कॅन खाली ठेवला, भिंतीला टेकले, आणि मग तो कॅन वर घेऊन गेले. याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पाणी सांडू नये एवढंच डोक्यात होतं.

महिनाभर गोळ्या आणि झोपून राहणं. मग डावी चप्पल पायातून निसटायला लागली. निसटलेली मला कळायची नाही, मागून कुणीतरी सांगायचं. डॉक्टरांनी टाचांवर चालायला लावलं. उजवा चवडा वर उचलला गेला. डावा जमिनीलाच चिकटून राहिला. मी त्याच्याकडे बघत होते, दुसऱ्याचा पाय असावा तसं.

"मणक्यातली गादी सरकून नसेवर बसली आहे," डॉक्टर म्हणाले. "आणखी थांबलो तर पाय जाईल."

पप्पा म्हणाले, "डॉक्टर, तिच्याशी इंग्लिशमध्ये बोला. तिचं सगळं शिक्षण इंग्लिश मिडियममध्ये झालंय."

मी फरशीकडे बघितलं. पप्पा त्यांच्या घरातले पहिले शिकलेले. मी इंग्रजी बोलते हे ते रिक्षावाल्यालाही सांगायचे.

एक प्रश्न

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर आले. हातात छापील कागद. दमा? नाही. ॲलर्जी? नाही. आधी कधी ऑपरेशन? नाही.

"काही सवय? तंबाखू, गुटखा?"

पप्पा हसले. "काय सर! इंग्लिश मिडियमची पोरगी आहे. चहासुद्धा पीत नाही ती."

डॉक्टरही हसले आणि कागदावर फुली मारली. आई खुर्चीवर बसून मोसंबी सोलत होती.

मी मिश्री लावायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात आणि पूड करतात, ती मिश्री. आमच्याकडच्या बायका ती बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावतात. बारावीत माझी दाढ दुखत होती तेव्हा आईनंच पहिल्यांदा चिमूटभर दाढेवर दाबली. दाढ थांबली. वर झोपही उडाली, आणि बारावीच्या वर्षात मला तेच हवं होतं. मग सकाळी, दुपारी, अभ्यासाला बसताना. सहा वर्षं.

आमच्या बाथरूममध्ये कपड्यांच्या पावडरच्या डब्यामागे बामची एक जुनी डबी असायची. ती आईची. खरं तर नसायला हवी होती, कारण औशाजवळचं आमचं गाव सोडून लातूरला आलो तेव्हा पप्पांनी आईला हे बंद करायला लावलं होतं, आणि आईनं "केलं बंद" म्हणून सांगितलं होतं. त्या डबीतून मी घ्यायचे. आईला ते कळत नाही असं मी धरून चालले होते.

टँकर

सकाळी आठची वेळ दिली होती. हॉस्पिटलचा टँकर आला नाही. पाण्याशिवाय ऑपरेशन होत नाही. दहा वाजले, बारा वाजले. आदल्या संध्याकाळपासून माझ्या तोंडात पाणी नव्हतं आणि मिश्रीही नव्हती.

बाहेर बाकावर बसलेले लोक बोलत होते ते ऐकू येत होतं. उदगीर वेगळा जिल्हा होणार, अशी हवा तेव्हा पुन्हा उठली होती. कुणीतरी म्हणालं, देवणी, जळकोट सगळं तिकडं जाणार. पप्पांनी विचारलं, "मग तहसीलच्या स्टाफचं काय?" त्यावर एक म्हातारा म्हणाला, "साहेब, आधी टँकर येऊ द्या. मग जिल्हा आणा."

सगळे हसले. मला त्या हसण्याचा इतका राग आला की दात आवळले गेले. तळहात ओले. आईनं केसांची पिन काढायला हात लावला तर मी तिच्यावर ओरडले. असं मी कधी करत नाही. मला वाटलं, ही भीती आहे. दुपारी अडीचला मला आत नेलं.

ती दहा मिनिटं

मला आठवतं ते एवढंच. सगळं पांढरं आणि धूसर, कारण माझा चष्मा नव्हता. एक पुरुषी आवाज इंग्रजीत, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा डोळे उघडायला सांगणारा. आणि लघवीला इतकी जोरात लागलेली की आता होईल, सगळ्यांसमोर होईल.

दुसरीत असताना बाथरूमला जायची परवानगी इंग्रजीत मागावी लागायची. ते वाक्य मला आठवलं नाही आणि वर्गात झालं. ही गोष्ट मी तोपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. शुद्धीवर येताना मी त्या वर्गात होते. मला फक्त तिथून पळायचं होतं.

बाकीचं नंतर कळलं. मी सलाईन उपटलं. जखमेतलं रक्त काढणारी नळी ओढली गेली आणि निघाली. एक पाय ट्रॉलीवरून खाली टाकून मी उठायला बघत होते, पाठ पिळून. चौघांनी धरलं. धरायला आलेल्या वॉर्डातल्या मावशीच्या मनगटाला मी चावले. शेवटी माझे हात बँडेजच्या पट्टीनं बांधले.

दार अर्धवट उघडं होतं. आईनं ते बघितलं. शेजारच्या पेशंटबरोबरची बाई म्हणाली, "अंगात आलंय पोरीच्या. माहूरला नेऊन आणा."

पप्पा म्हणाले, "आमच्यात अंगात-बिंगात येत नसतं. आम्ही बौद्ध आहोत. औषधाचा परिणाम आहे तो."

हे मला आईनं नंतर सांगितलं.

मावशी

दुसऱ्या दिवशी त्या मावशी आल्या, मनगटाला पट्टी. मी भिंतीकडे तोंड केलं. त्या म्हणाल्या, "दात लई मजबूत हायेत बाई तुझे. मटण सोडून मला कशाला धरलीस?"

मला हसता आलं नाही. त्यांनी ओल्या कापसानं माझे ओठ पुसले, मग हिरड्या. थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मिश्री लावतीस व्हय?"

"नाही."

"मीबी लावते, म्हणून इचारलं. एकदम तुटली की माणूस येडं व्हतंय. डॉक्टरला सांगून ठेव."

"मी लावत नाही," मी म्हणाले. स्वच्छ, शाळेतल्यासारखं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि कापूस टाकायला गेल्या.

चावले तेव्हा मी शुद्धीत नव्हते. हे 'नाही' मी पूर्ण शुद्धीत म्हटलं. मला लाज याची जास्त वाटते.

नांदेड

जखम बरेच दिवस पाझरत राहिली. तीन आठवड्यांनी कळ परत आली आणि पाऊल चालताना फरशीवर आपटायला लागलं. नवीन एमआरआयमध्ये त्याच जागी आणखी गादी बाहेर आलेली दिसली. त्या झटापटीमुळं झालं का? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. तसं काही न होताही होतं." ते खरं बोलत असतील. पण मला रोज तोच प्रश्न पडतो.

नांदेडला पप्पांचे चुलतभाऊ आहेत. तिथल्या हॉस्पिटलमध्ये गेलो. सर्जननं स्पष्ट सांगितलं: जुन्या जागी पुन्हा उघडायचं, तर नसांवरचा पडदा चिकटलेला असणार. तो फाटू शकतो. फाटला तर टाका घालू. पण मग उठताना पेशंट अगदी स्थिर पाहिजे, नंतरही सपाट पडून. "मागच्यासारखं झालं तर टाका टिकणार नाही. पायाबरोबर लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो."

म्हणजे सगळं त्या दहा मिनिटांवर आलं होतं. आणि त्या दहा मिनिटांत मी नसतेच.

नसरीन मॅडम

भूल देणाऱ्या नसरीन मॅडम दुपारी आल्या. पन्नाशीच्या, पायात कापडी बूट. त्यांनी खोलीत नजर फिरवली आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

पप्पा म्हणाले, "मी सांगतो ना मॅडम, सगळे कागद माझ्याकडे आहेत."

"कागद राहू द्या की तुमच्याकडे, भाऊ. पोरगी जरा वेळ माझ्याकडे राहू द्या."

दार लागलं. त्या स्टुलावर बसल्या. "मागच्या वेळी उठताना काय वाटलं, ते सांग. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते मी वाचलंय. तुला काय वाटलं?"

मी दुसरीच्या वर्गाचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. त्यांनी मध्ये बोलून तोडलं नाही.

"लघवीची नळी असते आत. तिच्यामुळं लागल्यासारखं वाटतं. तुला कुणी आधी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"तंबाखू, गुटखा, तपकीर, मिश्री?" चहात साखर किती, असं विचारावं त्या आवाजात.

मी दाराकडे बघितलं.

"बाहेर ऐकू जात नाही."

"मिश्री," मी म्हणाले. "दिवसातून चार-पाच वेळा."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "असं उठणं एकाच कारणानं होत नाही. दुखणं असतं, घशातली नळी असते, लघवीची नळी, भीती. त्यात तलफ. तुझ्यात सगळंच एकत्र आलं. आता एकेक काढू." जखमेची लाली निवळल्याशिवाय ऑपरेशन नव्हतं, त्याला चार दिवस लागणार होते. तेवढ्यात मिश्री पूर्ण बंद, तलफ सहन होईल एवढी निकोटिनची पट्टी दंडावर लावायची. "जे व्हायचं ते इथं, जागेपणी होऊ दे. टेबलावरून उठताना नको."

मग त्यांनी कागद ओढला. मी म्हणाले, "लिहू नका ना. पप्पा कागद वाचतात."

"लिहावं लागेल, बेटा. उद्या मी आजारी पडले तर दुसरा डॉक्टर कागदच वाचेल. तुझा चेहरा नाही."

डबी

पप्पांनी फाईल तहसीलच्या फाईलसारखी वाचली, ओळीवर बोट ठेवून. बोट एका जागी थांबलं.

"हे दुसऱ्या कुणाचं चुकून आलंय."

"माझंच आहे, पप्पा."

त्यांनी आईकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

आईनं पदर नीट केला. "डबी लवकर सरायली होती," ती म्हणाली.

"कसली डबी?"

"मी आणायची एकटीपुरती. सरायची दोघींची."

पप्पांना एका वाक्यात दोन गोष्टी कळल्या. त्यांनी फाईल मिटून गादीवर ठेवली आणि बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. गोळ्या, इंजेक्शन, जे काय लागेल ते काकांमार्फत विचारायचे.

आई माझ्या पलंगाजवळ बसून होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिशी डॉक्टर इचारायला होता तवा मी मोसंबी सोलायले होते. तोंडावर आलतं, बेबे. पण तुझं सांगितलं असतं तर माझंबी निघालं असतं."

मी तिला 'असू दे' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मला ते तेव्हा म्हणता आलं नाही, आणि नंतर त्याची वेळ निघून गेली.

सराव

दुसरा दिवस सगळ्यात वाईट होता. डोकं ठणकत होतं, पंख्याचा आवाज कानात घुसत होता, काकूंनी आणलेली खिचडी मी ढकलून दिली. आई बडीशेप चघळत बसायची आणि तिचाही जबडा आवळलेला असायचा. तिनंही मिश्री बंद केली होती, हे माझ्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. एका खोलीत आम्ही दोघी, आणि एकमेकींना त्याबद्दल एक शब्द नाही.

मॅडम रोज यायच्या. उठताना दिवे मंद ठेवायचे, दुखणं सुरू व्हायच्या आधीच औषध द्यायचं, चष्मा लगेच द्यायचा, आणि एकाच माणसानं बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. ते माणूस आई. "इंग्लिशमध्ये कुणी काही म्हणणार नाही," त्या मला म्हणाल्या आणि किंचित हसल्या.

आईला त्यांनी वाक्यं पाठ करायला दिली. आई ती पुटपुटायची: "आपरेशन झालं. लघवीची नळी हाय, उठायचं न्हाई. चष्मा देते." मध्येच विसरायची, पुन्हा पहिल्यापासून. मलाही एक वाक्य शंभरदा म्हणायला लावलं होतं: लागल्यासारखं वाटेल, ती नळी आहे.

चौथ्या दिवशी सकाळी आई असंच म्हणत असताना दारातून आवाज आला.

"आधी नावानं हाक मार तिला. घरातल्या. मग बाकीचं."

पप्पा होते. दोन दिवसांनी त्यांनी आमच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. बोलून ते लगेच वळले.

दुसऱ्यांदा

या वेळचं मला आठवतं. अंधुक उजेड. घसा सोललेला. आणि लघवीची तीच घाई, तशीच, अगदी तशीच. माझे गुडघे जवळ आले, हात सलाईनकडे गेला. तो गेला हे मला कळलं.

"बेबे. ए बेबे. मी हाय. आपरेशन झालं. नळी हाय गं माय, उठायचं न्हाई."

आई वाक्यं चुकत होती. दोनदा चष्म्याचं आधी म्हणाली. तिच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. मी मनात म्हणत होते, नळी आहे, नळी आहे. माझा हात चादरीवर परत आला, कुणी न धरता. मग चष्मा नाकावर बसला आणि आईचा चेहरा दिसला, हिरव्या टोपीतला, घामानं भिजलेला. प्यायला पाणी मागितलं तर ओला कापूस मिळाला. तो मी बराच वेळ चोखत पडले.

पडदा फाटला होता. टाका घातला होता. पाच दिवस मी छताकडे बघत पडून राहिले आणि टाका टिकला.

पायात जोर अर्धाच आला. सर्जन म्हणाले, नस फार दिवस दबली होती. आज मी बुटात पाऊल उचलून धरणारी पट्टी घालून चालते, पट्टी नसली की पाऊल आपटतं. लोक आवाजावरून ओळखतात की मी येते आहे. माझ्यासारख्या, कुणाच्या लक्षात न येता निघून जायला आवडणाऱ्या मुलीला हे रोज नव्यानं शिकावं लागतं. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांनी यावरून हे धरू नये की सगळ्यांचं असंच होतं. पण सगळं ठीक झालं असंही मी लिहिणार नाही.

लातूरला परतल्यावर मी त्या मावशींना शोधायला गेले होते. त्यांनी काम सोडलं होतं. कुठल्या गावच्या ते कुणाला माहीत नव्हतं.

फुली

दीड वर्षानं आईची गर्भपिशवी काढायची ठरली. पाऊस झाला होता, नळाला पाणी होतं. नवीन जिल्ह्याचं बोलणं थंडावलं होतं, पप्पा अजून देवणीलाच.

भूल देणारा डॉक्टर तरुण होता. मांडीवर तसाच छापील कागद. दमा, साखर, बीपी. पप्पा पटापट उत्तरं देत होते.

"काही सवय? तंबाखू वगैरे?"

"नाही, ना..." पप्पा म्हणाले. सवयीनं. आणि थांबले.

डॉक्टरचा पेन कागदाला टेकला होता. पप्पांनी तो बघितला. मग आईकडे नाही, माझ्याकडे नाही, माझ्या बुटाकडे बघितलं. फाईल पलंगावर ठेवली.

"मी बाहेर थांबतो," ते म्हणाले. "तुम्ही तिला विचारा."

दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं. आई त्या दाराकडे बघत राहिली. तिनं माझा हात धरला, जोरात.

"मिश्री," ती म्हणाली. "सोडली होती. पुन्हा लागली. लिहा. आणि उठताना ही माझ्याजवळ पायजे. हिला समदं पाठ हाय."